अँटीबॉडीचा आकडा उतरला, म्हणजे शरीर विसरलं का?

पत्र: गेल्या वर्षी आमच्या घरात कोविड येऊन गेला. मला दोन दिवस ताप, थोडा खोकला आणि आठवडाभर कशाचाच वास येत नव्हता, बस्स. जाऊबाईंना मात्र दवाखान्यात ठेवून ऑक्सिजन लावावा लागला. लशीचे डोस आम्हा दोघींचे त्याआधीच झाले होते. बरं झाल्यावर महिन्याभरानं दोघींनी एकाच लॅबमध्ये अँटीबॉडीची टेस्ट केली, तर त्यांचा आकडा माझ्या कितीतरी पट. आता पुन्हा केली, तर माझा रिपोर्ट चक्क निगेटिव्ह. जाऊबाई म्हणतात, "तुला झालं ते न झाल्यासारखंच होतं गं, शरीरानं दखलच घेतली नाही." सासूबाईंचं म्हणणं अगदी उलट: गोवर-कांजिण्यांसारखंच हे, एकदा झालं की जन्माचं सुटलो. त्या सत्तरीच्या पुढे आहेत, मधुमेह आहे. तेव्हा त्यांनाही सर्दी झाली होती, म्हणजे "मलाही होऊन गेलाच असणार", असं म्हणून आता लशीचा पुढचा डोस घ्यायला तयार नाहीत. खरं कोणाचं? आणि मी दर तीन महिन्यांनी टेस्ट करत राहावं का?
– काळजीत पडलेली सून

उत्तर:

तुमच्या घरात दोन टोकांची मतं आहेत आणि गंमत म्हणजे दोन्हींना थोडाथोडा आधार आहे. पण आधी टेस्टचं बोलू, कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय.

तुम्ही लस घेतली होती, तरी रिपोर्ट निगेटिव्ह आला. यावरून वाटतं की तुमच्या लॅबचं किट बहुधा विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या, म्हणजे न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या अँटीबॉडी शोधतं. बऱ्याच लशी फक्त विषाणूच्या बाहेरच्या स्पाइक प्रथिनावर बेतलेल्या असतात. त्या घेऊन न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटीबॉडी तयारच होत नाहीत. त्या तयार होतात प्रत्यक्ष संसर्गानं, किंवा अख्खा निष्क्रिय विषाणू वापरलेल्या लशीनं, आणि स्पाइकच्या अँटीबॉडींपेक्षा लवकर ओसरतात. स्पाइक मोजणाऱ्या दुसऱ्या एखाद्या किटवर तुमचाच नमुना त्याच दिवशी पॉझिटिव्ह आला असता, अशी दाट शक्यता आहे. शिवाय निगेटिव्ह म्हणजे "एकही नाही" असं नसतं. किट बनवणाऱ्यांनी कुठेतरी एक रेघ आखलेली असते, तुमचं रक्त त्या रेघेच्या खाली उतरलं एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मे २०२१ मध्येच बजावलं होतं की या टेस्टवरून आपल्याला संरक्षण आहे की नाही, हे कोणी ठरवू नये, लस घेतलेल्यांनी तर नाहीच. तेव्हा दर तीन महिन्यांनी तर सोडाच, डॉक्टरांना त्यातून काही ठरवायचं असल्याशिवाय ही टेस्ट यापुढे एकदाही करू नका.

आता आकडा उतरला तो का.

विषाणू शरीरात शिरला की काही दिवसांत बी पेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात अशा पांढऱ्या पेशींची, झुंबड उडते. त्यातल्या बऱ्याच पेशी प्लाझ्मा पेशी बनतात आणि अँटीबॉडी अक्षरशः ओकत सुटतात. ही पहिली फळी अल्पायुषी असते. संसर्ग मिटला की काही आठवड्यांत ती मरून जाते, आणि तसं झालंच पाहिजे, नाहीतर आजवर झालेल्या प्रत्येक सर्दीच्या अँटीबॉडींनी आपलं रक्त दाट होऊन बसलं असतं. रक्तातल्या आयजीजी या मुख्य प्रकारच्या अँटीबॉडीचं अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या नाहीशा व्हायला लागणारा काळ, जेमतेम तीन आठवडे. बनवणाऱ्या पेशी गेल्या की आकडा उतरणारच. तुम्ही पहिली टेस्ट केली ती नेमकी आकडा चढलेला असताना. पाऊस थांबला की ओढ्याचा पूर ओसरतो, त्यावरून विहिरीला झरा आहे की नाही हे कळत नाही. ते पाहायचं तर विहिरीतच उतरावं लागतं.

आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी आत मागे उरतात का, हे खरोखर पाहिलं गेलंय. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले अली एल्लेबेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविड होऊन गेलेल्या ७७ जणांचं रक्त काही महिन्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा तपासलं. यातल्या बहुतेकांचा आजार तुमच्यासारखाच सौम्य होता. अँटीबॉडी पहिल्या चार महिन्यांत भराभर घसरल्या, मग घसरण मंदावली आणि अकरा महिन्यांनीही त्या सापडत होत्या. नुसता रक्ताचा आलेख असता तर मी तो इथे सांगितलाही नसता. त्यांनी पुढची पायरी गाठली. यातल्या १८ जणांनी संसर्गानंतर सात-आठ महिन्यांनी आपली अस्थिमज्जा काढू दिली. कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा ओढतात, हौसेनं कोणी करून घ्यावं असं ते काम नव्हे. त्या १८ पैकी १५ जणांच्या मज्जेत या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी ठाण मांडून बसलेल्या मिळाल्या. पाच जण आणखी चार महिन्यांनी पुन्हा आले, त्यांच्यातही त्या होत्या. कधीच कोविड न झालेल्या ११ जणांच्या मज्जेत अशी एकही पेशी नव्हती. मे २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकामध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधीचं वर्षभर "अँटीबॉडी झपाट्यानं घटतात" अशा मथळ्यांनी लोकांची झोप उडवली होती. घटत होत्या हे खरंच होतं, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता.

हे संशोधन ज्या काळातलं आहे त्या काळात लशी एकतर नव्हत्या किंवा नुकत्याच येत होत्या. त्यामुळे निव्वळ संसर्गानं, आणि तोही सौम्य, शरीरात काय मागे राहतं हे त्यातून स्वच्छ कळतं. आज इतका निर्भेळ अभ्यास करायला माणसं मिळणं अवघड.

अर्थात मज्जेतल्या या पेशी म्हणजे विषाणूची शरीराला राहिलेली सगळी स्मृती नव्हे. दुसरा साठा असतो स्मृती बी पेशींचा. या स्वतः अँटीबॉडी सोडत नाहीत, म्हणून कुठल्याही लॅबच्या रिपोर्टात दिसत नाहीत. तोच विषाणू पुन्हा दिसला की मात्र त्या काही दिवसांत कामाला लागतात. कॅलिफोर्नियातल्या ला होया संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १८८ जणांचा अभ्यास केला, त्यात स्पाइक ओळखणाऱ्या स्मृती बी पेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त सापडल्या. म्हणजे ज्या काळात तुमचा रिपोर्टातला आकडा उतरत होता, त्याच काळात हा साठा बहुधा वाढत होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाला तर या पेशींचा दर्जाही सुधारत गेलेला दिसला. सहा महिन्यांनंतरच्या पेशी ज्या अँटीबॉडी बनवतात त्या सुरुवातीच्यांपेक्षा जास्त अचूक होत्या, आणि बदललेल्या विषाणूंनाही धरू शकत होत्या. आजार दोन दिवसांत गेला तरी लसिका ग्रंथींमध्ये (गळ्यात, काखेत, जांघेत असतात त्या गाठींमध्ये) हा अभ्यासवर्ग महिनोन् महिने भरत राहतो.

तिसरा साठा टी पेशींचा, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आणि तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टाला खरं उत्तर इथे आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०२० साली सौम्य किंवा लक्षणंच नसलेला संसर्ग झालेले लोक आणि रुग्णांच्या घरातली माणसं तपासली गेली. ज्यांची अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह होती, अशांपैकी अनेकांच्या रक्तात या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी होत्या. या पेशी टिकतात किती? कोविडच्या विषाणूचा थोरला भाऊ म्हणजे २००३ चा सार्स. तो होऊन गेलेल्या लोकांना सिंगापूरच्या संशोधकांनी १७ वर्षांनी बोलावून तपासलं. सार्सच्या अँटीबॉडी साधारण दोन-तीन वर्षांतच ओसरतात, असं आधीच माहीत होतं. टी पेशी मात्र १७ वर्षांनीही होत्या.

तेव्हा जाऊबाईंचं "शरीरानं दखलच घेतली नाही" हे काही खरं नाही. त्यांचा आकडा मोठा होता, कारण त्यांच्या शरीरात विषाणू जास्त वाढला आणि जास्त काळ राहिला. जितका माल समोर, तितकी प्रतिक्रिया मोठी. पण तो आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. कोविडनं दगावलेल्या काही रुग्णांच्या लसिका ग्रंथी आणि प्लीहा २०२० साली अमेरिकेत तपासल्या गेल्या, तेव्हा जिथे बी पेशींचं दीर्घ प्रशिक्षण चालतं ती जर्मिनल सेंटर्सच तिथे तयार झालेली नव्हती. फार तीव्र आजारात शरीराची घडी इतकी विस्कटते की स्मृती नीट घडायलाही अडथळा येऊ शकतो. जाऊबाईंचं तसं झालं असं मी अजिबात म्हणत नाही, त्या बऱ्या झाल्या आणि त्यांच्याकडेही चांगला साठा असणार. मला एवढंच म्हणायचंय की आजार जितका जबर तितकं संरक्षण पक्कं, हा हिशोब सरळ नाही. लशीत तर आजारच नसतो, तरी स्मृती तयार होते.

इतकं वाचून सासूबाई खूश होतील, म्हणून आता त्यांच्याकडे वळते.

गोवराबद्दल त्या शंभर टक्के बरोबर आहेत. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथे पाठवलेल्या लुडविग पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरानं घरोघरी फिरून नोंदी केल्या. बेटांवर राहणाऱ्या ७,७८२ लोकांपैकी सहा हजारांहून अधिक आजारी पडले. पण त्याआधीची साथ १७८१ ची होती, आणि त्या साथीत लहानपणी गोवर झालेले जे म्हातारे ६५ वर्षांनी हयात होते, त्यातल्या एकालाही पुन्हा झाला नाही. मधल्या काळात गोवर बेटांवर फिरकलाही नव्हता, म्हणजे अधूनमधून उजळणी न होताही स्मृती ६५ वर्षं टिकली होती. प्रयोगशाळा नाही, टेस्ट नाही, नुसत्या वहीतल्या नोंदींवर पानुमनं हे दाखवून दिलं. रोगप्रतिकारशास्त्रात मला याहून आवडणारा अभ्यास नाही. कांजिण्यांबद्दल मात्र त्या फारशा बरोबर नाहीत, बरं का. कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जातच नाही, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो आणि उतारवयात टी पेशींचा पहारा सैलावला की नागिणीच्या रूपानं बाहेर येतो.

मग गोवर एकदाच होतो, आणि कोविड पुन्हा पुन्हा का? विषाणू रूप बदलतो हे कारण सगळे सांगतात, ते बरोबरच आहे. गोवराला तसं रूप बदलणं जमत नाही. पण वेळेच्या गणिताबद्दल क्वचितच कोणी बोलतं, आणि माझ्या मते समजून घेण्यासारखं तेच जास्त आहे. गोवराचा विषाणू श्वासातून शिरतो, लसिका ग्रंथींत वाढतो, रक्तातून सगळीकडे पसरतो आणि मग कुठे, दहा ते चौदा दिवसांनी, आजार दिसू लागतो. स्मृती पेशींना पूर्ण जोर धरायला लागतात साधारण तीन ते पाच दिवस. म्हणजे विषाणू वाटेत असतानाच गाठला जातो. कोविडचे अलीकडचे प्रकार, फ्लू, साधी सर्दी यांचं काम नाकाघशाच्या अस्तरातच दोन-तीन दिवसांत उरकतं. तिथे पहिल्याच दिवशी अडवायचं तर अस्तरावर ताज्या अँटीबॉडी हजर हव्यात, आणि ओसरतात त्या नेमक्या याच. स्मृती पेशी जाग्या होऊन येईपर्यंत नाक वाहायला लागलेलं असतं, घरातल्या दुसऱ्याला संसर्ग देऊनही झालेला असतो. पण फुप्फुसांपर्यंत पोचायला विषाणूला आणखी काही दिवस लागतात, आणि त्या अवधीत स्मृती पेशी आपलं काम चोख करतात. म्हणूनच संसर्ग पुन्हा होतो, पण बहुतेकदा जीवावर बेतत नाही.

हे जुनंच आहे. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात स्वयंसेवकांच्या नाकात साध्या सर्दीचा एक कोरोना विषाणू मुद्दाम सोडला गेला, आणि वर्षभरानं तोच पुन्हा. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आधी संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्या वेळीही संसर्ग झाला, पण विषाणू कमी दिवस बाहेर पडला आणि सर्दी एकालाही झाली नाही. कोविडचं चित्र असंच दिसतं. १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०२३ मध्ये छापला. त्यानुसार आधीच्या संसर्गानं मिळालेलं, ओमिक्रॉन या कोविडच्या नंतरच्या प्रकाराच्या नव्या संसर्गापासूनचं संरक्षण महिन्यागणिक बरंच घसरतं, पण गंभीर आजारापासूनचं संरक्षण दहा महिन्यांनीही ८८ टक्क्यांच्या आसपास टिकलेलं होतं.

"जन्माचं सुटलो" हे मात्र नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या गटानं २०२४ मध्ये दाखवलं की लस घेतलेल्यांच्या मज्जेत फ्लू आणि धनुर्वाताविरुद्धच्या सर्वात दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी व्यवस्थित सापडतात, कोविडविरुद्धच्या मात्र त्या खास कप्प्यात जवळपास नसतात. वरच्या सेंट लुईसच्या पेशी वर्षभर टिकल्या हे खरं, म्हणून त्या पन्नास वर्षं टिकतील असं कोणी समजू नये. आणि कुणी "मग सौम्य आजार मुद्दाम होऊ दिलेला बरा" असं सुचवत असेल तर कानावर हात ठेवा. आजार सौम्य होणार की नाही हे आधी कोणालाच ठरवता येत नाही, तुमच्याच घरात दोन जावांचं काय झालं ते पाहा. सौम्य कोविडनंतरही महिनोन् महिने थकवा राहिलेले लोक आहेत. आणि काही विषाणूंच्या बाबतीत स्मृती उलटतेही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिला डेंग्यू हलक्यात गेला, म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो, कारण जुन्या अँटीबॉडी नव्या विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात.

सासूबाईंशी बोलताना गोवराबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं आहे हे आधी मान्य करा, मग बाकीचं सांगा. त्यांना तेव्हा झालेली सर्दी कोविडच होती याला काही पुरावा नाही, आणि असलीच तरी सत्तरीपुढे, त्यात मधुमेह असताना, नवी स्मृती तरुणपणीसारखी भक्कम घडत नाही आणि विषाणूला आवरायला शरीराकडे वेळही कमी असतो. संसर्ग आणि लस दोन्ही झालेल्यांचं संरक्षण नुसत्या एकापेक्षा चांगलं असतं, त्यामुळे "होऊन गेलाच असणार" हे लस टाळायचं कारण ठरत नाही. त्यांचा आधीचा डोस कधी झाला, औषधं कोणती चालू आहेत, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि पुढचा डोस कधी घ्यायचा ते ठरवून या. संधिवातासाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्यांना वरचे सगळे अभ्यास जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तुमच्यापुरतं म्हणाल तर तुमच्याकडे लशीची आणि संसर्गाची, दोन्हींची स्मृती आहे. स्वतःसाठी घाबरण्याचं कारण मला दिसत नाही. सर्दी-खोकला झाला तर मात्र "मला होऊन गेलाय" म्हणून सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसू नका. ते चार-पाच दिवस मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, त्यांच्या खोलीत कामापुरतंच जा. आणि सासूबाईंना ताप आला तर अँटीबॉडीची नव्हे, विषाणूची टेस्ट करा, तीही लगेच. विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांतच सुरू करायच्या असतात, आणि मधुमेह असलेल्या वयस्कर माणसासाठी ते पाच दिवस "बघू, उतरेल ताप" यात जाता कामा नयेत.